ऑर्गनवादकाची उमेदवारी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काल एका स्नेह्यांनी आम्हांला भर रस्त्यात थांबवले आणि ‘या वयात कोणत्या पक्षाची उमेदवारी पत्करलीत?’ असे विचारले. त्यांचा दोष नाही. उमेदवारी हा शब्द हल्ली निवडणुकीने बळकावला आहे. परंतु आमच्या लहानपणी सुताराच्या, शिंप्याच्या, फार काय वकिलाच्याही हाताखाली मुलगा राही, पडेल ते काम करी आणि काम करता करता धंदा शिके, त्याला उमेदवारी म्हणत. आज आम्ही बोलणार आहोत ते या जुन्या अर्थाच्या उमेदवारीबद्दल; आणि तीही अशा एका वाद्याच्या, की जे वाजवणारी माणसे आपल्या गावात आता एका हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

आम्ही मांडवीचे. मुंबईची बोट मांडवीला येई, त्या काळचे. बोट दूर पाण्यात उभी राही आणि उतारू व माल पडावातून किनाऱ्यावर येई. एका बंद पडलेल्या नाटक मंडळीचा ऑर्गन आमच्या आळीतल्या एका हौशी गृहस्थांनी मुंबईत विकत घेतला, तो असाच पडावातून आला. हे आमच्या जन्मापूर्वीचे. वडीलमंडळींच्या तोंडून ऐकलेले. ऑर्गन काळ्या वाळूवर उतरला तेव्हा देवाची पालखी उतरावी तशी गर्दी जमली होती म्हणतात. पुढे तो त्या गृहस्थांच्या ओटीवर स्थिरावला. त्या गृहस्थांना सगळी आळी अण्णा म्हणे. आम्हीही त्यांना अण्णाच म्हणू.

आता हे वाद्य आहे तरी काय? पुष्कळांची समजूत अशी, की ऑर्गन म्हणजे मोठी पायपेटी. समजूत अगदीच चुकीची नाही, पण अर्धी आहे. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती हार्मोनियम पायांनीच वाजवीत. आपण आज मांडीपुढे घेऊन बसतो ती हातभात्याची पेटी नंतर या देशात, कलकत्त्यात, घडली. हार्मोनियममध्ये भाता वारा बाहेर ढकलतो आणि तो पितळी जिभांवरून जातो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये उलटे असते. तेथे भाता वारा आत ओढून घेतो. फुंकर घालणे आणि श्वास घेणे यांत जो फरक, तोच या दोन वाद्यांच्या आवाजांत. ऑर्गनचा सूर पेटीपेक्षा गोल आणि मऊ येतो तो त्यामुळे. शिवाय वारा पुरवण्याचे काम पायांकडे गेल्याने दोन्ही हात मोकळे होतात. समोर ओढायच्या खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. त्यांनी आवाजाचा रंग बदलतो. आणि गुडघ्यांनी बाजूला रेटायच्या दांड्या असतात. त्यांनी आवाज चढतो, उतरतो. म्हणजे वादकाचे दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे एकाच वेळी कामात. आणि कान मात्र सर्वस्वी दुसऱ्याचे, गाणाराचे.

परंतु हा सगळा धाकट्या पातीचा संसार झाला. थोरल्या पातीचा ऑर्गन नळ्यांचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबावर चालणारा पहिला ऑर्गन केला. त्या वेळी त्याचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. ७५७ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँक लोकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन नजर केला, तोही राजाने राजाला दिलेला मानाचा नजराणा म्हणूनच. नंतरच्या शतकांत तो पश्चिम युरोपच्या चर्चमध्ये शिरला आणि तेथलाच होऊन बसला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमधील मोठ्या ऑर्गनला जवळजवळ ८,००० नळ्या आहेत. १५ एप्रिल २०१९ रोजी त्या कॅथीड्रलला आग लागली, छप्पर कोसळले, पण ऑर्गन ज्वाळांतून बचावला. तो उतरवून, धूळ झाडून, पुन्हा जुळवून ७ डिसेंबर २०२४ रोजी लोकांपुढे वाजला. आपल्याला फार लांब जायला नको. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्येही नळ्यांचा ऑर्गन आहे.

कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन जेथे असते ते मुख्य चर्च. अशा ठिकाणी पोरवयाचा मुलगा ऑर्गन शिकायला लागतो, तो कसा? आम्हांला या प्रश्नाचे कुतूहल अण्णांच्या ओटीवर लागले आणि ते आयुष्यभर पुरले. विजेची मोटार येण्यापूर्वी मोठ्या ऑर्गनला वारा घालण्यासाठी मागच्या बाजूला माणसे भाते चालवीत. पुढे वादकाशेजारी बसायचे. पाने उलटायची, सांगितला तो स्टॉप ओढायचा, आणि उस्ताद काय करतो ते पाहायचे. मग हातांना काम. मग पायांना, कारण मोठ्या ऑर्गनला पायांनी वाजवायच्या स्वरपट्ट्या निराळ्याच असतात, आणि त्या खाली न पाहता वाजवाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी वादक सज्जावर, वेदीकडे पाठ करून बसतो. धर्मगुरू काय करीत आहेत ते तो समोर टांगलेल्या आरशात पाहतो. दगडी घुमटाखाली नाद फिरून परत येतो तो उशिरा. त्या परतीच्या नादामागे जो गेला त्याची लय पडली म्हणून समजावे.

आणि एवढे सारे करून तो मुलगा मैफल करावयास शिकत नसतो. तो सेवा करावयास शिकत असतो. मिरवणूक वेदीपर्यंत पोचली नसेल तर वादन लांबवायचे. पोचली की रंगात आलेले वादनही दोन स्वरांत आटोपते घ्यायचे. समुदाय गात असेल तेव्हा त्याच्या श्वासाइतकी जागा सोडायची. सर्वांत मोठा धडा तर न वाजवण्याचा आहे. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरियाचे गान झाले, की ऑर्गन मिटतो. तो शनिवारी रात्री, पुनरुत्थानाच्या जागरणातील ग्लोरियाला पुन्हा बोलतो. उत्तम वादक जाग्यावर हजर आहे, वाद्य ठीक आहे, तरी दोन दिवस मौन. ज्या विद्येच्या अभ्यासक्रमात मौनाचा धडा आहे, ती विद्या उथळ असणार नाही, असे आम्हांला वाटते.

या उमेदवारीतून कशी माणसे निघाली, त्याची दोनच उदाहरणे देतो. लुई व्हिएर्न हा जवळजवळ आंधळा मुलगा. पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत तो शिकला. त्याच शाळेत पूर्वी लुई ब्रेल शिकले आणि शिकवीतही असत. ज्यांच्या ठिपक्यांच्या लिपीने जगातील अंधांना वाचता आले, ते ब्रेल स्वतः पॅरिसमधील चर्चचे ऑर्गनवादक होते आणि त्यांची लिपी संगीतलेखनालाही चालते. व्हिएर्न १९०० साली नोत्र दामचा ऑर्गनवादक झाला आणि २ जून १९३७ रोजी वाजवता वाजवताच, त्याच आसनावर, त्याचा प्राण गेला. दुसरा ऑलिव्हिए मेसियां. हा पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये १९३१ साली ऐन बाविशीत वादक म्हणून लागला आणि १९९२ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. जगप्रसिद्ध संगीतकार झाला, तरी रविवारची पाळी त्याने सोडली नाही. श्रोतेहो, या मेसियांचे आपल्याशी एक नाते आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या १२० देशी तालांची यादी मेसियांच्या हाती पडली आणि ते ताल त्याने आपल्या रचनांत खेळवले. देवगिरीच्या पंडिताने टिपलेला ताल पॅरिसच्या प्रार्थनामंदिरात वाजावा, हा योग लहान नव्हे.

आता आपल्या शेजाराकडे, गोव्याकडे, येऊ. जुन्या गोव्याचे से कॅथीड्रल १५६२ साली बांधावयास घेतले आणि १६१९ साली पुरे झाले. त्या काळापासून गोव्यात चर्चच्या आधाराने शाळा चालत, आणि त्यांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. शिकवणाऱ्याला मेस्त्रे म्हणत. या शाळांमागे परक्या सत्तेचा आणि धर्मप्रसाराचा हेतू होता, आणि त्याच सत्तेने इथल्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर, गाण्यांवर बंदी घातली, हे विसरून चालणार नाही. परंतु हेही तितकेच खरे, की खेड्यातल्या मच्छीमाराच्या आणि शेतकऱ्याच्या मुलाला कागदावरची स्वरलिपी वाचता येऊ लागली, ती या मेस्त्रेमुळे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तेथल्या चर्चचे गायनप्रमुख होते. मुलगा बापाजवळ शिकला, मुंबईस आला, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नावाजला, आणि १९५८ साली त्याने हिंदी व पाश्चात्त्य वादकांना एकत्र बसवून सिंफनी वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या एका चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव अमर करून ठेवले. ते गाणे आपण सर्वांनी गुणगुणले आहे. ते नाव एका मेस्त्रेच्या मुलाचे आहे हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

या पार्श्वभूमीवर आपल्या मराठी रंगभूमीकडे पाहावे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे साथीला ऑर्गन आला आणि रंगमंचापुढच्या जागेत तो असा काही बसला, की ऑर्गनचा पहिला सूर लागणे म्हणजेच नाटक सुरू होणे, असे समीकरण होऊन गेले. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असा साथसंगतीचा थाट होता. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) पेटीइतकाच ऑर्गनही बोलका करीत. गोव्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) हेही याच परंपरेतले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारात उभे केले नव्हते. मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत, हा आक्षेप. आक्षेप शास्त्राला धरून असेलही. पण त्या एकतीस वर्षांत गावोगावच्या उत्सवांतील नाटकांनी या वाद्याला अंतर दिले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आता आमच्या स्वतःच्या उमेदवारीबद्दल. आम्ही आळीतली चार मुले अण्णांकडे जाऊ लागलो तेव्हा वाटले होते, आठ दिवसांत नांदी वाजवू. अण्णांनी पहिले चार महिने बोटांना पट्टीचा स्पर्श होऊ दिला नाही. एका सुरावर लाकडी चिमटा लावून ठेवीत आणि म्हणत, ‘पाय चालवा. सूर हलता कामा नये.’ डावा पाय संपण्यापूर्वी उजवा सुरू झाला पाहिजे, नाही तर सूर उचकी दिल्यासारखा तुटे. समोर खाडीत भरती-ओहोटी होई आणि आमचे पाय चालत. दोन मुले कंटाळून गेली. तिसऱ्याचे बिऱ्हाड मुंबईस हलले. उरलो आम्ही एकटे. मग आमचे स्थान अण्णांच्या डाव्या अंगाला एका घडवंचीवर ठरले. नाटक असले की पदांची वही धरायची, स्टॉप ओढायचा, आणि गाणाराच्या तोंडाकडे पाहायचे. अण्णांच्या बोटांकडे नव्हे. बोटांकडे पाहिले तर डोक्यात टपली बसे. कॅथीड्रलमधला तो आरसा आणि ही टपली, दोन्हींचा उपदेश एकच, हे आम्हांला फार उशिरा कळले.

चौदाव्या वर्षी एक प्रसंग आला. उत्सवातले नाटक, आणि दुसऱ्या अंकानंतर अण्णांना हीव भरून ताप चढला. ‘बस,’ म्हणाले. आम्ही बसलो. नायकाची पट्टी काळी एक. आम्ही घाबऱ्या घाबऱ्या पांढरी दोनचा सूर दिला. अर्ध्याच सुराचा फरक. पण ते पद चढ्या अंगाचे. गाणारे गृहस्थ वरच्या जागेवर गेले आणि आवाज चिरला. प्रेक्षकांत कुणीतरी हसले. त्या भल्या माणसाने रंगमंचावरून आमच्याकडे रागाने पाहिलेसुद्धा नाही. पुढचा चरण त्याने खालच्या अंगाने घेऊन वेळ निभावली. रात्री आम्ही अण्णांच्या खाटेपाशी रडत उभे राहिलो. अण्णा एवढेच बोलले, ‘अरे, चुकलास तू, आणि चूक बांधलीस त्याच्या गळ्यात. साथीदाराची चूक लोकांना दिसत नाही, गाणाराची दिसते. हे ध्यानात ठेव, म्हणजे झाले.’ दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गृहस्थांच्या पाया पडून आलो. त्यांनी चहा पाजला आणि पुढच्या वर्षी आम्हीच ऑर्गनवर बसावे असा हट्ट धरला.

श्रोतेहो, या कहाणीत आम्हांला जे सांगावयाचे आहे ते असे. विद्या कौतुकाने टिकत नाही. ती पाळीने टिकते. चर्चमध्ये ऑर्गन शिकलेली मुले पिढ्यान्‌पिढ्या निघाली, त्याचे कारण त्या लोकांचे संगीतप्रेम आपल्यापेक्षा जास्त होते हे नव्हे. कारण इतकेच, की दर आठवड्याला रविवार येई. रविवारी कोणीतरी बसलेच पाहिजे, आणि आज बसणारा उद्या म्हातारा होणार, म्हणून शेजारी कोणीतरी पोर असलेच पाहिजे. आपल्याकडे ही पाळी नाटक मंडळ्यांनी सांभाळली होती. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि मंडळ्या एकामागून एक बसल्या. नाटके उरली, पदे उरली, रसिकही उरले. उरली नाही ती शेजारची घडवंची. आपल्या रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था आजही संगीत नाटके उभी करते, ही केवढी भाग्याची गोष्ट! पण संस्थेने नाटक बसवावे आणि वादक आकाशातून पडावा, असे होत नसते.

आणि येथे आम्हांला स्वतःचीच झडती घ्यावयाची आहे. अण्णा गेले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ऑर्गन आमच्याकडे दिला. त्यानंतर चाळीस वर्षे आम्ही उत्सवांत, नाटकांत, भजनांत वाजवले. टाळ्या घेतल्या, शाली घेतल्या. आणि या चाळीस वर्षांत आमच्या डाव्या अंगाला आम्ही एकाही मुलाला बसवले नाही. कोणी विचारले नाही, असे आम्ही म्हणत आलो. खरे सांगायचे तर आम्हांलाच सवड नव्हती. आणि थोडी भीतीही होती, की पोर बरे वाजवू लागले तर आम्हांला कोण बोलावणार! आमच्यासाठी मात्र चार महिने एकच सूर ऐकत बसायला एका माणसाला सवड झाली होती.

मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने पितळी जिभा गंजतात. मध्यंतरी आमच्या ऑर्गनचे नऊ सूर मुके झाले. गतवर्षी आम्ही एकेक जीभ काढून, हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवली. सात बोलू लागले, दोन अद्याप गप्प आहेत. भात्याचे कापड नवे घातले. विजेवर चालणारी वाद्ये आता स्वस्त मिळतात आणि ऑर्गनचा आवाजही काढतात. त्यांच्याशी आमचे वैर नाही. ज्याला परवडेल त्याने अवश्य घ्यावीत. पण त्यांना श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून गाणाऱ्याला कोठे श्वास घ्यावा लागतो हे ती शिकवू शकत नाहीत. ते पाय शिकवतात.

म्हणून दोन विनंत्या करून बसतो. पहिली, गावातल्या नाटकवाल्या मंडळींना. ऑर्गनच्या शेजारी एक दुसरे बसणे ठेवा, आणि त्यावर प्रत्येक तालमीला एखादे मूल बसेल असे पाहा. त्याने काही वाजवले नाही तरी चालेल. दुसरी, आपणां सर्व पालकांना. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आमच्या मांडवीच्या घराची ओटी उघडी आहे. मुलगा असो, मुलगी असो. जात, धर्म, फी, काही विचारले जाणार नाही. अट एकच. पहिले चार महिने फक्त पाय चालवावे लागतील. पोर कंटाळून परत आले तर रागवू नका. आमच्याबरोबरची तीनही गेलीच होती. चौघांतले एक टिकले तरी अण्णांचे ऋण थोडे फिटेल.